‘बेंबीचा हर्निया’ म्हणजे नेमका कोणता?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत हर्नियावर एक छोटं टिपण आलं होतं. त्यातल्या एका परिच्छेदाचं कात्रण माझ्या धाकट्या नणंदेने माझ्या हातात आणून दिलं. बेंबीचा हर्निया बहुधा आपोआप बरा होतो, शस्त्रक्रियेची घाई करू नये, एवढंच त्यात होतं. ‘‘वहिनी, वाचा. दोन वर्षं तुम्ही उगाच माझ्या मागे लागलाय,’’ ती म्हणाली. तिचं वय ५४. बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा आहे. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर तो दिसायला लागला आणि तो मुलगा आता नोकरी करतो.

छापलेलं वाक्य चुकीचं नाही. तान्ह्या बाळांच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. मी अंक काढून पाहिला, तर ‘बाळ’ हा शब्द आधीच्या परिच्छेदात होता. कात्री चालली आणि नेमका तोच बाहेर राहिला. मी ३३ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात आणि शेवटची सहा लहान मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात. ‘बेंबीचा हर्निया’ हे दोन शब्द किती वेगवेगळ्या दुखण्यांना लावले जातात आणि त्यापायी माणसं कशी चुकीच्या वाटेने जातात, हे मी पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

आधी बाळांचं सांगते. नाळ बाळाच्या पोटात शिरते तिथे पोटाच्या भिंतीत एक गोल कडं असतं. जन्मानंतर नाळ वाळून पडते आणि हे कडं आवळत आवळत बंद होतं. काही बाळांचं उशिरा होतं. तोवर बाळ रडलं, कुंथलं की आतडं त्यातून डोकावतं आणि बेंबी फुग्यासारखी ताठ होते. शांत झोपलं की पुन्हा आत. वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांत हे जास्त दिसतं, थायरॉइड कमी असलेल्या किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांतही. आया घाबरतात त्या फुगवट्याला. आमच्या विभागातले डॉक्टर मात्र फुगवट्याचं माप कधी घेत नसत. तो हलकेच आत सारून ते बोटाच्या टोकाने कड्याची कड चाचपायचे आणि भोक किती सेंटिमीटरचं आहे ते कागदावर लिहायचे. मोठा फुगा लहान भोकातूनही येतो, आणि पुढचं सगळं भोकावर ठरतं. एक सेंटिमीटरच्या आतलं भोक चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बहुतेक मुलांत आपसूक मिटतं. दीड-दोन सेंटिमीटरहून मोठं असेल तर ती शक्यता घटते, आणि त्या वयानंतरही राहिलं तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. बाळांत या जागी आतडं अडकून बसणं फार क्वचित घडतं, म्हणूनच वाट पाहता येते.

वाट पाहायची म्हणजे खरोखर नुसती पाहायची. नाणं किंवा कापसाचा बोळा ठेवून वरून घट्ट पट्टी मारल्याने कडं लवकर मिटत नाही. तशा पट्टीखाली सोलवटलेली, चिघळलेली नाजूक कातडी मी किती वेळा धुतली असेल, त्याची मोजदाद नाही.

आता याच बाळाला बेंबीच्या बोटभर वर, मध्यरेषेत गाठ आली तर? ती बेंबीच्या कड्यातली नसते आणि तिचं भोक बहुधा आपोआप मिटत नाही. आणि गाठ जांघेत आली तर सगळा सल्लाच उलटा होतो. एक आई मला आजही आठवते. बाळ चार महिन्यांचं. दुसऱ्या महिन्यात तिला कोणीतरी बेंबीबद्दल सांगितलं होतं, हर्निया आहे, काही करू नका, आपोआप जाईल. पुढे बाळाच्या उजव्या जांघेत फुगवटा आला. रडताना यायचा, झोपेत जायचा, अगदी बेंबीसारखाच. तिने तोच सल्ला इथेही लावला आणि तीन आठवडे थांबली. आमच्याकडे आणलं तेव्हा गाठ दगडासारखी झाली होती, बाळ अंगावर पीत नव्हतं आणि हिरवी उलटी करत होतं. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, बाळ वाचलं. मुलांचा जांघेतला हर्निया म्हणजे जन्माआधी वृषण खाली उतरतं त्या वाटेची पिशवी बंद न होता राहिलेली असते. (मुलींतही तशीच पिशवी असते.) तिथे एकदा हर्निया उतरला की तो स्वतःहून जात नाही, आणि पहिल्या काही महिन्यांतच तो अडकण्याचा धोका सर्वांत जास्त. त्यामुळे निदान झाल्यावर शस्त्रक्रिया लवकर करतात. त्या आईने जराही हयगय केली नव्हती. जागा बदलली की हर्नियाचा स्वभाव बदलतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मोठ्या माणसांकडे येते. मोठेपणीचा बेंबीचा हर्निया हा बहुतेकांच्या बाबतीत बाळपणीचा उरलेला नसतो, तो नंतर झालेला असतो. बाळंतपणं, वाढलेलं वजन, यकृताच्या आजारात पोटात साठलेलं पाणी, वर्षानुवर्षांचा खोकला, अशा कशाने तरी पोटातला दाब वाढतो आणि ती जागा हार खाते. हा मिटत नाही, हळूहळू वाढतो. भोक अनेकदा अरुंद आणि कडा ताठ. आधी त्यातून चरबी येते, मग वपा, म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा, मग आतडं. अरुंद दारातून आलेलं परत गेलं नाही की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. हे आपल्या पुरवणीतल्या वाक्यात कुठेच नव्हतं, आणि चोपन्न वर्षांच्या बाईने ते वाक्य स्वतःला लावून घेतलं.

मी नणंदेला उभं केलं, खोकायला लावलं, मग पलंगावर आडवं करून पाहिलं. खऱ्या बेंबीच्या हर्नियात बेंबीच मधोमध वर येते, तिच्यावरची कातडी ताणून घुमटासारखी होते. तिची बेंबी मात्र खालच्या बाजूला ढकलली गेली होती आणि चंद्रकोरीसारखी चीर दिसत होती. म्हणजे भोक बेंबीच्या कड्यात नसून त्याला लागून वरच्या बाजूला, मधल्या पांढऱ्या रेषेत. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंना जोडणारी ही पट्टी छातीच्या हाडापासून खाली ओटीपोटापर्यंत जाते. मोठ्यांत बेंबीपाशी दिसणारे पुष्कळ हर्निया असे बेंबीला खेटून असतात. शल्यचिकित्सक कागदावर दोन्हींना बेंबीचाच म्हणतात आणि त्याला आधार आहे. युरोपीय हर्निया सोसायटीच्या २००९ च्या वर्गीकरणात बेंबीच्या ३ सेंटिमीटर वरपासून ३ सेंटिमीटर खालपर्यंतचं सगळं एकाच नावाखाली येतं, आणि आकाराचे तीन गट केले आहेत: २ सेंटिमीटरपर्यंत लहान, ४ पर्यंत मध्यम, पुढे मोठा. उपचार मोठ्यांत जवळपास सारखाच असल्याने तिथे नावाने फारसं अडत नाही.

त्या तीन सेंटिमीटरच्या वर गेलं की अडतं. बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्ये, त्याच पांढऱ्या रेषेत, वाटाण्याएवढी गाठ येते. तिला एपिगॅस्ट्रिक हर्निया म्हणतात. दिसायला किरकोळ, दुखायला भारी. आत बहुतेक वेळा नुसती चरबी अडकलेली असते, त्यामुळे ती आडवं झाल्यावरही आत जात नाही आणि रोग्याला ती हर्निया वाटतच नाही. जेवल्यावर वरच्या पोटात दुखतं म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षभर खाऊन आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. बोट ठेवून ‘नेमकं इथे’ असं एका बिंदूवर दाखवलं की मात्र डॉक्टर कपडे वर करून तिथली मध्यरेषा चाचपायचे. ही भोकं कधी कधी एकाहून अधिक असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी, रोगी जागा आणि उभा असताना, पेनाने प्रत्येक गाठीवर खूण करून ठेवायची हे काम माझ्याकडे असे. भूल दिल्यावर पोट सैल पडतं आणि लहान गाठ सापडता सापडत नाही.

या रेषेतच एक फसवी गोष्टही आहे. बाळंतपणानंतर किंवा सुटलेल्या पोटात दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर होतात आणि मधली पट्टी पातळ, रुंद होते. आडवं पडून डोकं उचललं की पोटाच्या मधोमध वरून खाली होडीच्या तळासारखा उंचवटा येतो. बायका धसकतात. याला हर्निया म्हणत नाहीत, कारण त्यात भोक नाही, कड नाही आणि अडकायला काही नाही. पण त्या पातळ झालेल्या पट्टीत वेगळा हर्नियाही असू शकतो, आणि तो शिवताना ही पट्टी लक्षात घेतली नाही तर तो पुन्हा होण्याची शक्यता वाढते. तेव्हा ‘हे तर बाळंतपणाचं पोट’ म्हणून सोडून देण्याआधी एकदा बोट लावून घ्यावं.

बेंबीपाशी दिसूनही बेंबीचा नसलेला आणखी एक प्रकार हल्ली वाढत्या प्रमाणात दिसतो. पन्नाशीतले एक गृहस्थ बेंबीतल्या गाठीसाठी दाखल झाले. आधी काही ऑपरेशन झालंय का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी ठामपणे ‘नाही’ म्हटलं. मी बेंबी स्वच्छ करत होते तेव्हा आतल्या घडीत सेंटिमीटरभर फिकट व्रण दिसला. विचारलं, तर म्हणाले, ‘‘सिस्टर, ते पित्ताशयाचं दुर्बिणीतून केलेलं. ते काय ऑपरेशन?’’ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मोठं छिद्र पुष्कळदा बेंबीतूनच करतात. तिथली आतली शिवण सैल पडून हर्निया आला तर तो व्रणाचा हर्निया, बेंबीच्या मूळ कड्यातला नव्हे. तिथे आतमध्ये वपा किंवा आतडं व्रणाला चिकटलेलं असू शकतं, आणि शल्यचिकित्सक त्या बेताने आत शिरतात. पोटावर कुठेही व्रण असेल, कितीही जुना, कितीही लहान, तर तो सांगायचाच. मध्यरेषेत मोठा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर तर व्रणाचा हर्निया बऱ्याच जणांना होतो, आणि तो काही महिन्यांनी येतो तसा काही वर्षांनीही येतो.

आता माझ्या मनातून न जाणारी रात्र. सत्तरी ओलांडलेल्या, हाडकुळ्या आजी. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं, वारा सरत नाही. बेंबीत जुना छोटा हर्निया होता, तो सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. कागदावर लिहून झालं की बेंबीच्या हर्नियात आतडं अडकलंय. वरिष्ठ शल्यचिकित्सक आले, त्यांनी त्या गाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, ‘‘ही मऊ आहे, आत जातेय. मग अडलंय कुठे?’’ मला चादर गुडघ्यापर्यंत खाली घ्यायला सांगितलं. उजव्या जांघेच्या घडीखाली, मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, बोराएवढी टणक गाठ. आजी हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘ती चार महिन्यांपासून आहे. तिथलं कसं सांगायचं?’’ पहाटे शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा तुकडा काढावा लागला, कारण तो काळा पडला होता.

हा फिमोरल हर्निया. जांघेतला नेहमीचा हर्निया घडीच्या वर येतो, हा घडीच्या खाली. पोटाच्या भिंतीच्या सगळ्या हर्नियांत सुमारे तीन चतुर्थांश जांघेतले नेहमीचे असतात आणि ते पुरुषांत फार. फिमोरल त्या मानाने थोडे, पण बायकांत जास्त, आणि त्यांची वाट इतकी अरुंद आणि ताठ की आतडं गळफासासारखं आवळलं जाण्याचा धोका मोठा. कित्येक बायका ती गाठ ‘अवधाण (जांघेतली सुजलेली गाठ) आलं असेल’ म्हणून अंगावर काढतात. जुनी माणसं हर्नियाला ‘अंतर्गळ’ म्हणत, तो शब्द माझ्या कानावर नेहमी पुरुषांच्या दुखण्यासाठीच आला. हर्निया हा पुरुषांचा आजार, ही समजूत बायकांच्या मनात त्यातूनच रुजली असावी. त्या आजींनंतर पोटदुखी-उलटीच्या कुठल्याही रोग्याला तपासताना मी डॉक्टरांच्या आधी पडदा ओढायची आणि कपडे मांडीपर्यंत खाली घ्यायची. लाज राखूनही ते करता येतं.

पोटाच्या बाजूला, उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेला, बेंबीच्या खालच्या पातळीवर येणारा एक दुर्मीळ हर्निया आहे, स्पिगेलियन. फ्लेमिश शरीररचनाशास्त्रज्ञ आद्रियान व्हॅन डेन स्पिगेल यांच्या नावावरून. तो वरच्या थराखाली दडतो, गाठ दिसतेच असं नाही, नुसतं दुखतं, आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्येच सापडतो. आणि ‘हायटस हर्निया’ नाव ऐकून पोटावर गाठ शोधू नये. तो छाती आणि पोटामधल्या पडद्यातला, बाहेरून दिसत नाही.

बेंबीतली प्रत्येक गाठ हर्निया नसते, हे मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण ते एका परिचारिकेने शिकवलं आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर इथे सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करत. शस्त्रक्रियेआधी रोग्यांचं पोट स्वच्छ करताना त्यांच्या बोटांना कळलं, की काही रोग्यांच्या बेंबीत टणक गाठ असते आणि अशांच्या पोटात पसरलेला कर्करोग निघतो. त्यांनी ते डॉक्टरांच्या नजरेस आणलं. मेयोंनी १९२८ साली त्यावर लिहिलं आणि १९४९ साली हॅमिल्टन बेली या इंग्लिश शल्यचिकित्सकाने त्या गाठीला सिस्टरांचं नाव दिलं. बेंबीचा हर्निया शिवण्याची, एका थरावर दुसरा थर चढवण्याची जुनी पद्धत त्याच विल्यम मेयोंच्या नावाने ओळखली जाते, १९०१ सालची. हर्निया खोकल्याबरोबर उसळतो आणि बहुधा आत जातो. ही गाठ कडक, न हलणारी, आत न जाणारी, कधी वरची कातडी फुटून स्राव येणारी. मासिक पाळीच्या दिवसांत सुजणारी, दुखणारी, कधी रक्त येणारी बेंबीतली गाठही हर्नियाची नव्हे. ती गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची असू शकते. दोन्हींसाठी लवकर डॉक्टर गाठायला हवेत.

कुठलाही हर्निया असो, एरवी आत जाणारी गाठ एकाएकी आत जायची थांबली, टणक झाली, दुखू लागली, वरची कातडी लाल किंवा जांभळट दिसली, सोबत उलट्या सुरू झाल्या किंवा शौच-वारा बंद झाला, तर ते तासांचं काम आहे. सकाळपर्यंत थांबू नये. घरी दाबून, चोळून ती आत घालू नये. आवळलेलं आतडं आत ढकललं गेलं तर वरून गाठ नाहीशी होते आणि आत ते सडत राहतं. रुग्णालयात पोचेपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. पट्ट्याने कुठलाच हर्निया बरा होत नाही, हेही इथेच सांगते.

नणंदेच्या जुन्या सोनोग्राफीच्या कागदावर फक्त ‘बेंबीचा हर्निया’ एवढंच होतं. या वेळी मी सोबत गेले आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना विनंती केली की भोक बेंबीपासून किती अंतरावर, किती रुंद, आत काय येतं, आणि जोर केल्यावर काय होतं ते लिहा. त्यांनी आनंदाने लिहिलं. बेंबीच्या १ सेंटिमीटर वर, २.५ सेंटिमीटर रुंद, आत वपा, खोकल्याबरोबर वाढते, उभे स्नायूही मधून फाकलेले. हे वाचून शल्यचिकित्सकांनी पाच मिनिटांत तिला समजेल असं सांगितलं: हा मिटणार नाही, आज अडकलेला नाही, म्हणून निवांतपणे तयारी करून शस्त्रक्रिया करू, आणि भोकाला आधार म्हणून कृत्रिम जाळी लावू. युरोप आणि अमेरिकेतल्या हर्निया संस्थांनी २०२० साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही एक सेंटिमीटरहून मोठ्या भोकाला जाळीच सुचवली आहे, कारण नुसत्या टाक्यांनी तो पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त राहतं. वजन थोडं उतरवायला त्यांनी तिला दोन महिने दिले आहेत. रोज संध्याकाळी आम्ही दोघी चालतो.

माझी आपल्याकडे एक मागणी आहे. पुढच्या पुरवणीत ते वाक्य पुन्हा छापावं, त्याच जागी, त्याच अक्षरांत, सुरुवातीला ‘पाच वर्षांखालील मुलांत’ हे तीन शब्द घालून. आणि त्याला जोडून, त्याच परिच्छेदात, ‘मोठ्यांचा आणि जांघेतला हर्निया आपोआप बरा होत नाही’ असंही. दुसऱ्या परिच्छेदात टाकू नये. कात्रण काढणारी माणसं एकच परिच्छेद कापतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका